खाणीवरची बाग आणि सरकारी निधी

तीर्थरूप ताई,

गुडघे वाकत नाहीत, म्हणून उभ्याउभ्याच नमस्कार. भाओजींचा खोकला आणि तुझा राग दोन्ही आटोक्यात असतील, अशी आशा आहे. (राग नसेल तर या पत्राने येईल.)

आपली कोळशाची खाण बंद पडल्यापासून वस्ती ओस पडत चालली आहे, हे तुला ठाऊकच आहे. आता खाणीच्या ढिगाऱ्यांवर सौर पॅनेल बसवायला सरकार निधी देतंय. तो मिळाला तर इथल्यांना इथेच काम मिळेल. नाही मिळाला तर मलाही घराला कुलूप लावून मुलाकडे जावं लागेल, आणि त्याच्या नवव्या मजल्यावरून खाली बघत म्हातारं व्हायची माझी अजिबात तयारी नाही. म्हणून कंबर कसली आणि निधी मिळवायला वस्तीने केलेल्या समितीचा अध्यक्ष झालो. (दुसरं कोणी तयार नव्हतं, हे भाओजींना सांगू नकोस.)

पण आम्हा खाणकामगारांची जन्माची खोड तुला माहीत आहे. साहेब पाहणीला येणार म्हटलं की सगळं झाडूनपुसून लख्ख करायचं! तेच केलं. दगडांना चुना फासला. तुझ्या भावजयीने तर वस्तीतल्या बायका गोळा करून अख्ख्या ढिगाऱ्यावर हिरवळ आणि फुलझाडं लावली. साहेब आले, खूश झाले, फोटो काढले आणि म्हणाले, "निधी फक्त निकामी जमिनीसाठी आहे. ही तर बाग आहे." जमीन किती भिकार आहे हे मी त्यांना जीव तोडून सांगतोय, आणि शेजारी खाणीतलं पाणी उपसणारा आमचा पंपवाला तिथलीच फुलं घेऊन त्यांच्या स्वागताला उभा! माझ्या तोंडचं पाणी पळालं.

तरी मी हटणारा नाही. हातापाया पडून पुन्हा पाहणी कबूल करून घेतली आहे. हिला म्हटलं, बाग काढून टाक. तेव्हापासून अबोला आहे. असू दे. निधी आणणार म्हणजे आणणारच.

तुझा धाकटा

ता. क. : तुझ्या शेळ्या आठवडाभर इकडे पाठवशील का? सगळ्या. उपाशी असल्या तर उत्तम. हिला मात्र कळू देऊ नकोस.

आणखी एक ता. क. : वन्सं, हे मी लिहितेय, तुमची भावजय. अबोला असला तरी पत्र टाकायला माझ्याकडेच दिलंय. शेळ्या पाठवू नका. काल हे घरी नसताना साहेब येऊन गेले. मी सरळ सांगितलं, "वरची वीतभर माती आम्ही बायकांनी घराघरांतून आणून टाकलीय, खाली उकरून बघा." त्यांनी उकरलं, बूट काळेकुट्ट करून घेतले आणि निधी मंजूर म्हणून सांगून गेले. यांना अजून बोलले नाही. शेळ्यांसाठी मागच्या अंगणात छप्पर बांधताहेत, आणि मला कपडे वाळत घालायला आडोसा कधीचा हवाय. तेवढं पुरं झालं की सांगते.