राजपुऱ्यातल्या कायद्याच्या कपाटाची पुढची व्यवस्था

मी, अनंत दिगंबर महाजन, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा पुस्तकबांधणी, राहणार राजपुरा, बुऱ्हाणपूर, मध्यप्रदेश, पूर्ण शुद्धीत, चष्मा डोळ्यावर असताना आणि कुणीही पाठीशी उभं नसताना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा आजचा दाखला सोबत टाचला आहे. हा दाखला माझी बायको कै. सरुबाई हिला दाखवायची फार इच्छा होती, पण ती आठ वर्षांपूर्वीच गेली. मुलगा रितेश, सून भूमिका आणि मुलगी रजनी यांना आज मुद्दाम बाहेर पाठवलं आहे. ज्यांना मिळायचं आहे त्यांनी लिहिताना जवळ बसू नये, म्हणजे उद्या कुणाला बोट दाखवायला जागा राहत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. हे कोऱ्या कागदावर आहे, स्टॅम्प नाही म्हणून कुणी नाक मुरडू नये. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही.

कलम १. राजपुऱ्याचं घर माझ्या स्वतःच्या कमाईचं आहे, वडिलोपार्जित नाही. वरचा मजला रितेशला. खालच्या मागच्या दोन खोल्या रजनीला. रजनी, तू मागच्या आखाजीला आलीस तेव्हा म्हणालीस, "बाबा, मले काही नको, भावाशी वाईटपणा नको." पोरी, आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते, झोका खेळते, आंब्याचा रस खाते आणि साडी घेऊन हक्काच्या कागदावर सही करून जाते. साडी घे, रसही खा. खोल्या पण घे. रितेशला मी हे समोर बसवून सांगितलं आहे आणि तो "ठीक है" म्हणाला आहे. त्याचं तोंड थोडं उतरलं होतं, पण म्हणाला. त्याबद्दल त्याचे आभार.

कलम २. सरुबाईची अंगठी आणि पितळी घागर रजनीला. पोस्टातली बचत दोघा भावंडांना निम्मी निम्मी. यात आणखी सांगण्यासारखं काही नाही.

कलम ३. माझी मोठी कात्री शेजारचे दगा शिंपी यांच्याकडे एकवीस वर्षांपासून आहे. ती त्यांच्याकडेच राहू द्यावी. मात्र तेराव्याला जेवायला येतील तेव्हा ती माझी होती, एवढं त्यांना चारचौघांत सांगावं.

कलम ४. आता पुढची खोली, म्हणजे माझं दुकान, पुस्तकं दाबायचा लाकडी शिकंजा, दाभणं, खळीचा डबा आणि भिंतीला लावलेलं कपाट. हे कलम लांबेल. ज्याला घाई असेल त्यानं जेवून यावं.

कोर्टाजवळच्या या गल्लीत मी पन्नास वर्षं वकिलांची पुस्तकं बांधली. बांधता बांधता वाचली. अर्ज कसा लिहायचा, नोटिशीला उत्तर काय द्यायचं, हे लोक मला विचारू लागले. वकील मंडळी थट्टेनं मला "बाइंडर वकील" म्हणत, आणि मला ते गोड लागायचं. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे तेव्हा कळत नव्हतं.

माझी धाकटी बहीण मालूबाई बहादरपूरला दिली होती. तिचे मालक कडूभाऊ चौधरी २०१३ साली वारले. मूलबाळ नाही. केळीचं दोन एकर वावर कडूभाऊंच्या नावावर होतं. तिचा दीर अरविंद यानं तहसिलीत सांगितलं की भावजय माहेरी निघून गेली, तिला शेत नको आहे, आणि स्वतःचं नाव चढवून घेतलं. मालूला हे कळलं तेव्हा ती तडक माझ्याकडे आली. मी म्हणालो, "काळजी करू नको, माझ्याकडे पुस्तक आहे."

पुस्तक होतं. भुसावळ स्टेशनवर घेतलेली मराठी पुस्तिका, घरबसल्या जमिनीचा कायदा शिकवणारी. आपली भाषा मराठी, म्हणून आपण मराठी पुस्तक घेतो. त्यातला कायदा सरहद्दीपलीकडच्या महाराष्ट्राचा आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. पुस्तिका खोटी नव्हती. रावेरला ती खरी होती. तिथून पंचवीस-तीस किलोमीटर अलीकडे, माझ्या हातात ती खोटी झाली.

मी झोकात अर्ज लिहिला. तलाठ्याच्या नावानं, सातबारा मिळावा, फेरफार रद्द व्हावा. अपील किती दिवसांत करायचं तेही पुस्तिकेतच पाहिलं आणि मालूला सांगितलं, अजून खूप वेळ आहे, केळीचे घड निघू दे, मग जाऊ. मालू म्हणाली, "तू वाचलं नं दादा, मंग खरंच असन."

तहसिलीतल्या बाबूनं अर्ज वाचला आणि हसत शेजारच्याला दाखवला. मग मला खुर्ची दिली आणि म्हणाला, "दादाजी, सातबारा, फेरफार, तलाठी, ये सब जलगाँव तरफ चलता है। यहाँ खसरा होता है, नामांतरण होता है, पटवारी होता है। और अपील की मियाद तो आपकी निकल गई।" तिथली मुदत लांब, इथली आखूड. मालू माझ्या शेजारी उभी होती. तिनं मला एकच विचारलं, "बस किती वाजता हाय?"

त्या बाबूचं नाव मला माहीत नाही. तो हसला याचा मला बरीच वर्षं राग होता. पण त्यानंच जाताना सांगितलं की कोर्टाच्या आवारात विधिक सेवेचं कार्यालय आहे, बाईमाणसाला तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. तो राग मी या कागदानं सोडून देतो आणि त्याचे आभार मानतो.

त्या कार्यालयापुढून मी रोज दोनदा सायकल नेत होतो. आत कधी पाय ठेवला नव्हता, कारण मला सगळं येत होतं. तिथं गायत्री भेटली, तेव्हा कॉलेजातून नुकतीच निघालेली, लोकांना वाट दाखवायचं काम करणारी. तिनं माझी पुस्तिका उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, "काका, पुस्तक उघडायच्या पहिले तीन गोष्टी बघायच्या. छापलं कुणी? राज्य कोणतं? और साल कौनसा? तीनही पटले तरच पान पलटवायचं." पन्नास वर्षं मी पुस्तकं शिवली, पण पहिलं पान असं वाचायला मला त्या पोरीनं शिकवलं.

तिथल्या वकीलबाईंनी मार्ग काढला. उशीर माफ करण्याचा अर्ज देता येतो, पण उशीर का झाला ते खरं सांगावं लागेल. म्हणजे मला शपथपत्र द्यावं लागणार होतं की, बहिणीचा काही दोष नाही, मी तिला दुसऱ्या राज्याचं पुस्तक वाचून चुकीचं सांगितलं. ज्या वकिलांची पुस्तकं मी बांधली, त्यांच्याच आवारात ते वाचलं जाणार होतं.

मी आठ दिवस सही केली नाही. हे रितेश-रजनीला माहीत नाही, म्हणून इथं लिहितो. मी मालूला सांगितलं की कागद तयार व्हायचे आहेत. कागद तयार होते, माझ्या उशाखाली होते. बहिणीचं वावर एका बाजूला आणि माझी ऐट दुसऱ्या बाजूला, आणि आठ दिवस मी ऐट धरून बसलो. याची लाज मला आजही वाटते.

त्या आठ दिवसांत आखाजी आली. मला वाटलं, मालू येणार नाही. ती आली. डोक्यावर केळीची फणी, कुणाच्या तरी वावरातली विकत घेतलेली, कारण तिच्या वावरात अरविंद तिला आता पाय ठेवू देत नव्हता. तिनं सरुबाईबरोबर पितरांची घागर भरली, सांजोऱ्या तळल्या. निघताना मी साडी दिली. ती घडी छातीशी धरून म्हणाली, "दादा, वावर गेलं तं जाऊ दे. माहेर गेलं नाही पाहिजे."

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडायच्या आधी मी पायरीवर बसलो होतो. सही केली. वाचून दाखवायला उभा राहिलो, तर गायत्रीनं पाणी आणून दिलं. मालूनंही तिच्या कागदावर सही केली. तोवर ती अंगठा लावायची. गायत्रीनं तिला महिनाभर ओळ गिरवायला लावून सही शिकवली होती, ते मला त्या दिवशी कळलं.

उशीर माफ झाला. पुढं तीन वर्षं गेली, पण २०१७ साली खसऱ्यात मालूबाईचं नाव लागलं. अरविंदबद्दल माझ्या मनात आता काही नाही. मालू त्याच्या नातवाला केळी देते, तर मी कोण रुसणारा?

त्यानंतर हे कपाट झालं. विधिक सेवेच्या पुस्तिका, कायद्यांच्या सरकारी प्रती, अर्जांचे नमुने. मध्यप्रदेशाच्या पुस्तकांना मी हिरवं कापड लावलं, महाराष्ट्राच्या पुस्तकांना लाल, आणि सगळ्या देशाला लागू असलेल्यांना पांढरं. प्रत्येकावर चिठ्ठी : कुणी छापलं, कुठलं राज्य, कोणतं साल. डोईफोडियापासून जसोंडीपर्यंतची माणसं येतात. मी सल्ला देत नाही. पुस्तक दाखवतो, वाचून सांगतो, आणि पुढं कोर्टाच्या आवाराकडे बोट करतो. भुसावळची ती पुस्तिका मी काळ्या कापडात बांधून मधोमध ठेवली आहे. तिच्यावर लिहिलं आहे, "हे वाचून मी बहिणीचं वावर घालवत होतो." ती कुणी काढू नये. लोक सगळ्यात आधी तीच वाचतात आणि मग माझ्याशी मोकळं बोलतात.

आता हे कुणाला? रितेशला ही खोली मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाला भाड्यानं द्यायची आहे. "बाबा, सब यूट्यूब पे है, कपाट कोण उघडतं?" असं तो म्हणतो. बेटा, मागच्या वर्षी वरची खोली भाड्यानं देताना तू व्हिडिओ पाहून करारनामा केलास, आणि तो व्हिडिओ लखनौच्या वकिलाचा निघाला. बापाचीच चूक तू मोबाइलवर केलीस, मला तर अभिमानच वाटला! मोबाइल वाईट नाही. त्यालाही तेच तीन प्रश्न विचारायचे असतात.

भूमिकाबद्दल मला वाटायचं की तिला या धुळीचा कंटाळा आहे. मग २०२४ च्या पावसाळ्यात मी वीस दिवस दवाखान्यात होतो. परत आलो तर फौजदारीच्या जुन्या पुस्तकांवर नव्या चिठ्ठ्या होत्या, तिच्या अक्षरात : "१ जुलै २०२४ पासून नवा कायदा. हे जुन्या प्रकरणांपुरतंच पाहावं." मी विचारलं तर म्हणाली, "बाबा, जसोंडीची एक बाई आली होती. तिला जुनं कलम सांगणार होते, फिर साल देखा." एवढं बोलून ती कुकर बंद करायला आत गेली. मी बराच वेळ त्या चिठ्ठ्यांवरून हात फिरवत बसलो. बाई गं, तुझे उपकार मी कोणत्या कागदावर लिहू?

म्हणून पुढची खोली, कपाट, शिकंजा आणि सगळी अवजारं मी माझी सून भूमिका रितेश महाजन हिला, तिच्या एकटीच्या मालकीनं देत आहे. अट घालत नाही. अट घातली की लोक पळवाट शोधतात. विनंती करतो : सकाळी दहा ते बारा दार उघडं असावं. बारानंतर मोबाइलवाल्याला बसवायचं तर खुशाल बसवावं, पण कपाटापुढे टेबल लावू देऊ नये.

कलम ५. माझी बहीण मालूबाई हिला या मृत्युपत्रानं मी काहीही देत नाही. जे तिचं आहे ते तिच्या नावावर आहे. गायत्रीलाही काही देत नाही. ज्याला द्यायचं त्याला साक्षीदार करू नये, हे शहाणपणाचं म्हणतात. दोघींना द्यावं की दोघींची सही घ्यावी, यावर मी महिनाभर विचार केला आणि सही मागायचं ठरवलं. माझ्याजवळ देण्यासारखं जे आहे त्यापेक्षा या दोघींची सही मोठी आहे. साक्षीदार वयानं लहान असावेत असंही सांगतात. मालू माझ्याहून आठ वर्षांनी लहान आहे आणि रोज वावरात जाते, ती मला पुरून उरेल.

हे मी स्वखुशीनं लिहिलं, वाचलं, आणि खालच्या दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

ठिकाण : राजपुरा, बुऱ्हाणपूर
दिनांक : १२ नोव्हेंबर २०२५

(सही) अनंत दिगंबर महाजन

साक्षीदार पहिली : (सही) गायत्री बोरसे, अधिकार मित्र, विधिक सेवा कार्यालय, बुऱ्हाणपूर

साक्षीदार दुसरी : माझी बहीण. तिनं लगेच सही केली नाही, ते माझ्याच अक्षरात नोंदवून ठेवतो. पेन हातात घेतलं, परत खाली ठेवलं आणि मला विचारलं, "दादा, हे कोणत्या राज्याचं पुस्तक पाहून लिवलं?" मी सांगितलं, मृत्युपत्राचा कायदा साऱ्या देशाचा आहे, पांढऱ्या कापडातला. "छापलं कोनं?" विधिक सेवेनं. "अन् साल?" गायत्रीनं आतलं पान काढून दाखवलं. मालूनं त्या आकड्यावर बोट ठेवून तो स्वतः वाचला.

"मंग आन पेन," ती म्हणाली.

(सही) मालूबाई कडू चौधरी, बहादरपूर