शनिवारी सर्वांनी यावे

सोमवार, ६ मे

अखेर भिंतीवर चढलो! बाजारापासून चर्चपर्यंत जिकडे पाहावे तिकडे मीच. संग्रहालयात आफ्रिकेतल्या नव्या चित्रकारांनी रंगवलेल्या आपल्याच माणसांच्या चित्रांचे प्रदर्शन शनिवारपासून भरते आहे. त्यात नात सेरवाने काढलेले माझे चित्र आहे, आणि भिंतीवरच्या जाहिरातीसाठी नेमके तेच निवडले. गाल निळे केले आहेत. का, म्हणून विचारले. "नाना, काळा रंग एकच असतो असं कोणी सांगितलं तुम्हाला?" कान मात्र माझ्यापेक्षा मोठे आहेत. आयुष्यभर मूर्तिपूजेविरुद्ध प्रवचने केली — देवाने उत्तर दिले!

मंगळवार, ७ मे

सेरवाचा बाप, माझा चिरंजीव बोआतेन, तेमाहून फोनवर गरजला — "शनिवारी दालन रिकामं राहिलं, तर पुढच्या मंगळवारी बँकेत रुजू व्हायचं. चित्रं बंद!" पोरीने मान डोलावली. जेवली नाही.

दालन रिकामेच राहणार. आमचे कुमासी शहर चित्रे पाहायला जात नाही. कुमासी मयताला जाते.

बुधवार, ८ मे

शेजारची आफ्राकोमा काळ्या-तांबड्या वस्त्रात, डोक्यावर हात ठेवून, रडत अंगणात आली. रीतीप्रमाणे मी आधी पाणी दिले. ती मान खाली घालून प्यायली. मग विचारले, "कोणत्या कामाने येणे केलेत?"

"नाना गेले हो! सांत्वनाला आ—" आणि वर पाहिले. अशी किंकाळी फोडली की कोंबड्या कुंपणापलीकडे!

चूक तिची नाही. चित्रासाठी बसलो तो कुणाच्या तरी मयताहून परतताच, तशाच वस्त्रात. मोठा चेहरा, खाली नाव, शनिवार, सर्वांनी यावे — असा कागद आमच्या भिंतींवर एकाच कारणाने लागतो.

"आफ्राकोमा, शनिवारपर्यंत जीभ आवर."

"म्हणजे तुम्ही मेलेलेच राहणार?"

"मी काही बोलणार नाही. तूही बोलू नकोस."

खोटी साक्ष देऊ नये, अशी आज्ञा आहे. गप्प बसू नये, अशी नाही. पुन्हा शोधून पाहिले.

गुरुवार, ९ मे

घराबाहेर पाऊल नाही. मृताने शिस्त पाळावी. आफ्राकोमा चोरून फुफूचे गोळे आणि पामफळांचे सूप देऊन गेली. "मेल्यापासून भूक वाढलीय तुमची!"

शनिवार, ११ मे

दालनात मुंगीला शिरायला जागा नव्हती! सारे शोकवस्त्रात. मी टोपी खाली ओढून खांबामागे. चर्चचा गायकवृंद नेहमीप्रमाणे बेसूर. मग माझे वृद्ध मित्र न्तिम माझ्या चित्रापुढे बोलायला उभे राहिले — "माणूस देवभक्त. जरा चिकट. प्रवचनं मात्र फार लांब—"

"लांब नव्हती!" तोंडातून निघून गेले.

पुढचे काय लिहावे! दोघी बेशुद्ध. बाकीच्यांनी आधी मला हातपंख्यांनी बडवले, मग मिठ्या मारल्या. न्तिम हसत हसत जमिनीवरच बसले.

सेरवा हसली नाही. "ते तुमच्यासाठी रडायला आले होते, नाना. चित्र कुणी पाहिलंच नाही. लेगोसच्या, डाकारच्या चित्रांना तर लोक पाठ टेकून उभे होते."

बोआतेन हजर होताच. "गर्दी म्हाताऱ्याची होती, तुझी नाही. मंगळवारी बँक."

खड्डा मी खणला. पडली ती.

रविवार, १२ मे

चर्चमध्ये सगळे खिदळत होते. मी गुडघे टेकले.

बाहेर न्तिम माझ्या गालाकडे टक लावून बघत राहिले. "वळ जरा उजेडाकडे. अरे, खरंच निळा आहे की रे तू! पोरीला कसं दिसलं? आम्ही तर साठ वर्षं तुझं तोंड बघतोय." मग बायका जमल्या. कुणी म्हणाले निळा, कुणी म्हणाले जांभळा. कानांवरून तर भांडणच लागले. मला घरी जायचे होते.

मंगळवार, १४ मे

सेरवा इस्त्रीचे कपडे घालून बापाबरोबर बँकेत निघाली; मागोमाग मीही. वाटेत संग्रहालयाचा फोन — आधी इकडे या. तिघेही गेलो. दाराबाहेर रस्त्यापर्यंत रांग, आणि सगळे पांढऱ्यात! बाळ जन्मल्यावर, संकटातून कुणी परतल्यावर नेसतात तसे. काय चालले आहे हे पाहायला बोआतेन आत शिरला, तो बाहेर येईना.

मी टोपी सावरून, मान उंचावून निघालो. सेरवाने दारातच हात आडवा घातला.

"तुम्ही बाहेर थांबा, नाना. आज ते चित्र बघायला आलेत."