नखाएवढा ओरखडा

९ जुलै

ला पालोमा या सागरतीरस्थ, आणि हिवाळ्यात सर्वथा निर्मनुष्य, ग्रामी आज दुपारी प्रस्तुत लेखकाचे, अर्थात मोटारींच्या रंगावरील ओरखडे घालवणारे मोंतेविदेओनिवासी रंगशुद्धिकार वाल्देमार एचेनिके यांचे, ससामान आगमन झाले. स्वागतास एक कुत्रा उपस्थित होता. त्याने यंत्रांची पेटी हुंगली, तीत खाद्य नसल्याची खातरजमा केली आणि सभात्याग केला.

बंगल्याचे नाव 'एल देस्कान्सो', म्हणजे विश्रांती. मालक आर्रेचेआ हे नदीपलीकडचे, ब्वेनोस आयरेसचे दंतवैद्य. उन्हाळ्यात येऊन ते समुद्र उपभोगतात आणि उरलेले वर्ष तो आम्हां उरुग्वाईजनांकडे राखणीस ठेवून जातात. बंगल्याची देखरेख नेलिदाबाईंकडे आहे. काखेत गरम पाण्याचा थर्मास आणि हाती यर्बाच्या कडू चहाचा तुंबा, ही आयुधे त्या झोपेतही खाली ठेवत नसाव्यात. उंबऱ्यावरच त्यांनी मला तुंबा दिला, माझ्याकडून माझ्या मुलीची सविस्तर माहिती काढून घेतली आणि मग म्हणाल्या, मास्तर, या गारठ्यात कशाला जीव काढता, त्या ओरखड्यांत तेलकट लेप भरा आणि पोरीकडे चालते व्हा, उन्हाळ्यापर्यंत बघतंय कोण?

मी सविनय निवेदन केले की लेप हा असत्याचा द्रवरूप अवतार होय. तो दोष झाकतो, घालवत नाही. स्पिरिटचे फडके फिरवले की पाप उघडे. एचेनिके पितापुत्रींच्या कार्यशाळेत त्यास प्रवेश नाही.

बाई म्हणाल्या, बरं बाबा, तुमचं तुम्ही बघा.

१० जुलै

आज गाडीचे दर्शन घेतले. दोन दारांची, कृष्णवर्णी, भूमीला पोट टेकून बसलेली. काळा रंग हा सर्व रंगांतील न्यायाधीश आहे. पांढरा क्षमा करतो, राखाडी काणाडोळा करतो, काळा मात्र प्रत्येक अपराध नोंदवून ठेवतो. गॅरेजचे दार लावून दिवा तिरका धरला, आणि अपराधांची जंत्री उजळली. धुताना पडणारी कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे होतीच. परंतु बॉनेटवर आणि दारांवर निराळे ओरखडे होते: चार-चार समांतर रेषा, बोटांच्या अंतराने. डाव्या दारावर कोणी नखाने अक्षरेही कोरली आहेत, 'एलवि', आणि पुढे नुसतीच ओढ. एखाद्या एलविराने झिडकारलेला युवक असावा. प्रेमभंग समजू शकतो. त्यासाठी दुसऱ्याचे वार्निश कशास?

जाडी मोजली. पारदर्शक थर पुरेसा शिल्लक आहे. काम कठीण, पण शक्य.

सायंकाळी कन्या नोएलियाचा फोन. म्हातारबा, जेवलात की नुसतंच भाषण दिलंत बाईंना? मी म्हणालो, मसुराचा रस्सा आणि भाषण, दोन्ही. तिने आमच्या घराण्याचे ब्रीद माझ्याच आवाजाची नक्कल करत म्हणून दाखवले: दिसलेला ओरखडा सोडून जाणारा आपला नव्हे. हे ब्रीद तिला मी शिकवले तेव्हा तिचा हात बॉनेटच्या मध्यापर्यंतही पोचत नव्हता. आता तिचा हात माझ्याहून हलका आहे. ही गोष्ट मी तिला सांगितलेली नाही. कार्यशाळेत शिस्त हवी.

१५ जुलै

बॉनेट निर्दोष. रबरी कडांना चिकटपट्टी, मग भरड पेस्ट, मग मध्यम, मग अशी बारीक की तिला पेस्ट म्हणणे हा उपमर्द. फिरत्या स्पंजावर हाताचा भार किती, हे कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नाही. साफ पट्ट्यात माझा चेहरा उमटला, इतका स्पष्ट की नाकावरील केस मोजता यावेत. स्नानगृहातील आरसा मात्र जुनाट आहे, त्यात मी काहीसा फिकट दिसतो.

फोनने आज माझा अंगठा ओळखण्यास नकार दिला. आजन्म घर्षणाने अंगठा गुळगुळीत झाला असावा. पावाच्या दुकानात माझ्यामागून आलेल्या कोळ्यास आधी पाव मिळाला, त्याच्या मागच्या बाईसही. परकीय मनुष्य येथे उशिरा दिसतो, अशी स्थानिक दृष्टी असावी.

२१ जुलै

पाऊस. पाऊस पडला की येथे प्रत्येक घरी तळणीच्या पुऱ्या होतात, नेलिदाबाईंनीही केल्या. ताट घेऊन त्या गॅरेजमध्ये आल्या, इकडेतिकडे पाहिले, ताट पेटीवर ठेवले आणि वळल्या. मी आभार मानताच दचकून म्हणाल्या, अगं बाई, तुम्ही इथेच होतात होय मास्तर? दिसलाच नाहीत.

मी गाडीच्या समोरच उभा होतो. हाती यंत्र सुरू होते.

गतवर्षी हे काम कोणी केले, असे विचारले. बाई आठवत आठवत म्हणाल्या, होतं कुणीतरी, दरवर्षी कुणीतरी येतंच. टोपी घालायचा बहुतेक. नाव... जाऊ दे, वय झालं माझं. तो गेला आणि पुन्हा ओरखडे. गावातली कार्टी, दुसरं कोण? त्यास जाताना पाहिले का, असे मी सहज विचारले. म्हणाल्या, गेलाच असेल की, इथे राहून काय खाईल?

आज उजवे दार पूर्ण केले. माझ्या प्रतिबिंबामागे एक करडेपणा राहिला आहे. स्पिरिटने पुसला, जात नाही. तो थरात नसावा. खोलीत असावा.

नोएलियाचा फोन आला. तिला आज नेहमीची थट्टा सुचली नाही. मधेच तिने विचारले, काम कुठे आहे म्हणालात तुम्ही?

ती मला 'तुम्ही' थट्टेनेच म्हणते. आजचे 'तुम्ही' ग्राहकाला म्हणतात तसे होते.

२९ जुलै

एकोणतिसावी तारीख, म्हणून रिवाजाप्रमाणे बटाट्याचे न्योकी, म्हणजे उकडलेले गोळे, आणि लक्ष्मी यावी म्हणून ताटाखाली एक नोट. बाईंनी दोन ताटे मांडली. मी बसलो. त्या जेवता जेवता माझ्या ताटाकडे पाहत राहिल्या आणि स्वतःशीच पुटपुटल्या, हे कुणाला वाढलं मी? मग उठून त्यांनी माझे ताट उचलले. माझा काटा हवेतच होता. खाली मी ठेवलेली नोट सापडली तेव्हा त्या हरखल्या, छातीवर क्रूस काढला आणि नोट पदरात बांधावी तशी ॲप्रनच्या खिशात खोल दडवली.

मी मोठ्याने हसलो. विनोद चांगला होता. हसणारा मी एकटाच होतो.

३१ जुलै

घरी परतावे म्हणून बसथांब्यावर गेलो. हात केला. चालकाने माझ्या छातीवरच दार मिटले, शीळ घालत. हमरस्त्यावर उभा राहिलो. एकही वाहन थांबले नाही. वारा मात्र लागतो. वाऱ्याला मी आहे.

परतलो. या गावात मी स्पष्ट दिसतो अशी एकच जागा आहे, आणि ती मीच घासून तयार केली आहे.

१ ऑगस्ट

डावे दार. 'एलवि' पुसले.

दिवा जवळ आणला. प्रतिबिंबात माझ्या खांद्यामागे टोपीवाला मनुष्य. वळलो, भिंत, हातोडी, पाण्याची नळी. पुन्हा दारात पाहिले. तो तेथेच, आणि त्याचे बोट रंगावर, मी पुसलेल्या जागी. तो अक्षरे गिरवत होता. आता तेथे काही उमटत नाही. नखे झिजून गेलेली.

तो रागावलेला नव्हता. रागावलेला असता तर बरे होते.

४ ऑगस्ट

नोएलियाला फोन लावला. ती म्हणाली, हॅलो. मी बोललो. ती म्हणाली, हॅलो, कोण? मी म्हणालो, नोए, बाबा बोलतोय. ती दुसऱ्या कोणाला म्हणाली, कुणी बोलतच नाहीये बघ. मी बोलतच होतो. ती ठेवेपर्यंत. ठेवल्यावरही.

७ ऑगस्ट

रंगात आता चौघे आहेत, माझ्याखेरीज. कोणाच्या हाती फडके, कोणाच्या स्पंज. सगळे रंगशुद्धिकार. कोणी कोणाकडे पाहत नाही, प्रत्येक जण फक्त गाडीत, स्वतःकडे. मी शुभ दुपार म्हणालो. शिष्टाचार.

ते ओरखडे कार्ट्यांचे नव्हते. जितका दोष घालवावा तितका माणूस जातो, आणि गेलेल्याचे ओरखडे तेवढे दिसतात. लेप भरून घरी गेलो असतो तर—

बॉनेटवर नखाने 'नो' लिहिले. पुढचे लिहवेना, नख तुटले.

नेलिदाबाई आल्या. त्यांना दिसले. मी नाही, अक्षरे. झालं, म्हणाल्या, यंदाही. त्यांनी त्यावर हात फिरवला. माझ्या हातावरून गेला असता, इतक्या जवळून. कित्येक दिवसांनी माझे काहीतरी कोणीतरी पाहिले. मी— डोळ्यांत पेस्ट गेली असावी.

त्या आर्रेचेआंना फोन करायला गेल्या.

हे आधी सुचायला हवे होते. ते कोणाला बोलावणार—

१३ ऑगस्ट

नोएलिया आली.

माझी जुनी पेटी घेऊन. कुत्र्याला खाजवले. बाई म्हणाल्या, पोरी, लेप भर आणि जा. ती हसली. लेप? आमच्यात नाही चालत. बाईंनी विचारले, हे कुणी शिकवलं ग तुला?

ती थांबली. तुंबा हातात तसाच. मग म्हणाली, कुणी नाही. येतं आपोआप.

मी तिच्यासमोर उभा राहिलो. नाव घेतले. तिने खिडकी लावून घेतली. गार वारा येतोय, म्हणाली.

१५ ऑगस्ट

'नो' पुसते आहे. माझ्याहून हलका हात. कोपर किती सरळ. सांगायला हवे होते.

थांब, असे ओरडलो. दिवसभर.

१७ ऑगस्ट

पावाच्या दुकानात तिच्यामागच्याला आधी पाव दिला. ती चेष्टेत म्हणाली, मी काय हवा आहे का?

पाववाली पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळली.

१८ ऑगस्ट

ती बॉनेटवर वाकली, आणि हात थांबला. स्वतःच्या खांद्यामागे पाहत होती. रंगात. मी तेथेच—

तिने हळूच विचारले, कोण?

डोळे माझ्याकडे. थोडेसे चुकून, कानाच्या बाजूला. पण माझ्याकडे. घासणे थोडेच कमी पडले. एक दार. अर्धे दार.

१९ ऑगस्ट

काम संपले. एकही ओरखडा नाही. उत्कृष्ट. आधीचे मी घालवले होते, माझा तिने.

ती फडकी घडी घालते आहे. दुपारची बस. बसवाला तिच्यासाठी थांबेल अजून, सकाळी बाईंनी तिला चहा दिला, म्हणजे ती अजून दिसते. आज गेली तर ती सुटली. मोंतेविदेओ, कार्यशाळा, माणसे. आणि मी तिला कधीही—

आणखी एक ओरखडा दिसला तर ती राहील. मी तिला तसेच घडवले आहे. अर्धे दार घासले की ती मला पाहील. म्हातारबा म्हणेल. जेवलात का, म्हणेल—

नाही. जाऊ दे तिला.

टोपीवाला प्रथमच रंगाकडे नाही, माझ्याकडे पाहतो आहे. मान हलवतो आहे. नको, म्हणतो आहे. त्याची एलविरा कोठे, विचारले. त्याने रंगाच्या दूरच्या कोपऱ्याकडे पाहिले. तेथे एक बाई, हातात स्पंज. ती त्याच्याकडे पाहत नाही. स्वतःकडेच—

पेटीचा खटका लागला.

ती दाराशी. कोट चढवला. मागे वळून गाडीकडे शेवटची नजर टाकते आहे, मी शिकवली तशी, खालून वर, उजेडाच्या बाजूने—

माझे बोट बॉनेटवर आहे. मी ठेवले नाही. आहे.

जा ग नोए. जा.

नखाएवढा. फक्त एवढासा. तो पाहून तर ती नुसती—