तपासणीच्या तक्त्यावरचं लॅटिन

प्रिय दादा,

नमस्कार. तू ठणठणीत असशील, वहिनीची कंबर सरळ झाली असेल, असं मीच ठरवून टाकते. (तुला विचारून उत्तराची वाट पाहायची तर माझे केस पांढरे होतील, निम्मे झालेच आहेत.) इकडे मी बरी आहे, चष्म्याचं दुकान बरं नाही. कारण तू बाबांना पाठवलेला तो शब्दांच्या व्युत्पत्तीचा ठोकळा.

बाबा रोज दुकानाच्या बाकावर येऊन बसतात. गिऱ्हाईक टेकलं की शिकवणी सुरू. जन्मभर इंग्रजी शिकवलेला माणूस, त्याला आयता वर्ग मिळाला. 'पाहणे' अशा अर्थाचा कुठलासा लॅटिन धातू आहे, त्याची म्हणे ही सगळी पिलावळ: स्पेक्टॅकल्स म्हणजे पाहायचं साधन, इन्स्पेक्टर आत डोकावून पाहतो, रिस्पेक्टमध्ये माणूस वळून पुन्हा पाहतो, सस्पेक्टमध्ये खालून चोरून, आणि डिस्पाइजमध्ये वरून खाली. (मी बाबांकडे कशी पाहते, त्याला लॅटिनमध्ये शब्द नसावा.) परवा पोस्टातल्या बाई डोळे तपासायचे सोडून धातूच चालवत बसल्या.

इथवर सोसलं. पण मागे बाबांनी आतल्या खोलीतला अक्षरांचा तक्ता उतरवला आणि पेंटरकडून रंगवून घेतलेला नवा टांगला. वर मोठ्या अक्षरांत स्पेक्टॅकल्स, खाली बारीक होत होत सगळं घराणं. दिसायला सुरेख, म्हणून मीही राहू दिला. झालं काय, की बाकावर पाठांतर झालेलं गिऱ्हाईक आत येऊन शेवटची ओळ घडाघडा म्हणे, आणि मी खूश होऊन कमी नंबर देई. आता रोज कोणीतरी चष्मा काउंटरवर आणून आदळतं. ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर म्हणाले, "ताई, धातू कळला. ट्रक दिसला नाही."

तेव्हा तू बाबांना घेऊन जा. चार-सहा महिने तरी. तुझ्याकडे मोठी गॅलरी आहे, वहिनीचं इंग्रजीही चांगलं आहे. होऊ दे तिचंही भलं.

तुझी,
धाकटी

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी जुना तक्ता परत लावला आणि सहज म्हणून बाबांना खुर्चीत बसवलं. पहिल्या ओळीखालचं एकही अक्षर त्यांना वाचता येईना. म्हणाले, "माझा तक्ता लाव ना."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. (आणि मी अख्ख्या गावाचे डोळे तपासते.) तुझा ठोकळा कित्येक दिवसांत उघडलेला नाही, सगळं तोंडपाठ. मला कळलं तर दुकानात बसू देणार नाही, या धास्तीने माझ्याच परीक्षेत पास व्हायला त्यांनी तो तक्ता करून घेतला होता.

ता. ता. क. त्यांना नेऊ नकोस. ऑपरेशन सोमवारी आहे, तूच ये. त्या घराण्यातला एक्स्पेक्ट सांगायचा राहिला: बाहेर पाहणे. तू येणार असं मी सांगून टाकल्यापासून बाबांनी बाक दारात ओढून घेतलाय, आणि रस्त्याने येणारा प्रत्येक जण त्यांना तूच वाटतो. म्हणून येशील तेव्हा कोपऱ्यावरूनच हाक मार.