जावयांच्या फोनचा खालचा बोर्ड

अप्पा,

तुमच्या जावयांचा फोन मी घरीच उघडला, आतला बिघडलेला बोर्ड काढला आणि नवा बसवला. फोन चालू झाला आहे. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या अख्ख्या गल्लीत एकाच घरी टेलिफोन होता, म्हणून थोडं समजावून सांगते. आताचा फोन म्हणजे तळहातात मावणारी काचेची पाटी. आत बॅटरी, तिच्या वर एक मोठा बोर्ड, खाली बोटभर रुंदीचा छोटा बोर्ड, आणि दोघांना जोडणारी कागदासारखी पातळ पट्टी. वरच्या बोर्डात सगळं साठवलेलं असतं, फोटो, निरोप, माणसांचे आवाज. खालच्या बोर्डात चार्जरची पिन बसते. खालचा बदलला तर काहीच जात नाही, वरचा बदलला तर सगळं जातं. तुम्हाला रेडिओ कळत होता, त्यामुळे एवढ्यावर भागेल.

पावसाळ्याआधी ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. बाथरूममध्ये पडले आणि खिशातला फोन बादलीत गेला. ह्यांना आम्ही दवाखान्यात नेलं, फोन पुसून कपाटात ठेवला. उजवा हात हळूहळू परत आला, वाचा आली नाही. सगळं समजतं, ओठही हलतात, पण बाहेर पडतो तो एकच शब्द, "बरं." पाणी हवं, बरं. नको, बरं. रात्रभर झोप नाही, तरी बरं. शहाद्याहून मी त्यांना नंदुरबारला वाचा-उपचारासाठी नेते. तिथल्या बाईंनी विचारलं, "यांचा आधीचा आवाज कुठे साठवलेला आहे का? स्वतःचंच बोलणं ऐकून त्यामागे म्हणायचा प्रयत्न केला, तर काही वेळा शब्द सुटतात." मी माझ्या फोनमध्ये शोधलं. काही नव्हतं. एकाच घरात राहणाऱ्या बायकोला कोण निरोप पाठवतो. ते सगळे मित्रांना जायचे, सकाळच्या चहापासून, केळीच्या भावापासून ते पुढाऱ्यांच्या उखाळ्यापाखाळ्यांपर्यंत, सगळे बोलून पाठवलेले, सगळे अहिराणीत. मित्रांनी केव्हाच पुसून टाकले होते. ते उरले होते फक्त ह्यांच्या फोनमध्ये, आणि तो फोन चार्ज होत नव्हता.

एसटी स्टँडजवळच्या दुकानात गेले. दुकानदाराने फोन उलटासुलटा केला, चार्जर लावून पाहिला आणि काउंटरवर ठेवला.

"काकू, मदरबोर्ड गया. नवा टाकना पडी. आतलं सगळं जाई, ते इसरी जा."

"उघडून पाहिलंस?"

"उघाडानी काय गरज शे? पाणीमा पडेल फोन शे."

"खालचा चार्जिंगचा बोर्ड तपास ना आधी."

तो हसला. वाईट माणूस नव्हता, नुसता हसला. म्हणाला, "काकू, तुम्ही कसाले तरास घेतस? काकाले धाडा. मी त्यास्ले समजाडी सांगस."

"काकांना बोलता येत नाही," मी म्हटलं, आणि फोन उचलून रिक्षात बसले.

रिक्षात मला तुमची आठवण आली, अप्पा, आणि प्रेमाने आली नाही. तुमचं रेडिओ-दुरुस्तीचं दुकान आठवलं. खरं तर दुकान नव्हे, घर आठवलं, कारण मी दुकानात कधी नव्हतेच. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता आणि ट्रान्झिस्टरचे तीन केसासारखे पाय तुम्हाला दिसेनासे झाले होते. गिऱ्हाइकाला ते कळू द्यायचं नव्हतं. म्हणून संध्याकाळी पिशवीतून सेट घरी यायचे आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मी मांडी घालून बसायची. मिरचीच्या व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवरचे सेट सगळ्यात वाईट. जाळीतून आत बारीक तिखट भरलेलं असायचं. सोल्डरिंग आयर्न टेकवलं की धूर थेट घशात जायचा, आई चुलीपाशी तोंडाला पदर लावून ठसकायची, आणि तुम्ही बाजेवरून सांगायचात, "हात हालू देऊ नको." माझा हात हलत नव्हता. तुमचा हलायचा.

एकदा एक पेढीवाले शेठ थेट घरीच आले. मी त्यांचाच रेडिओ मांडीवर घेऊन बसले आहे, एक सांधा झालाय, दुसऱ्यावर कथील वितळतंय. ते दारातूनच म्हणतात, "अरे, हाई पोर करस का रेडिओ?" तुम्ही उठता, माझ्या हातातून आयर्न काढून घेता आणि म्हणता, "कसानं करस, खेळी ऱ्हायनी. काम मन्हा पोऱ्या करस." पोऱ्या, म्हणजे भाऊ, त्या वेळी मैदानावर पतंग उडवत होता. मग शेठसमोर तुम्ही स्वतः बसलात आणि न दिसणाऱ्या सांध्यावर कथलाचा गोळा ओघळवलात. तो बाजूच्या तांब्याच्या दोन वाटांवर पसरला. शेठ चहा पिऊन गेले. दार लावून तुम्ही रेडिओ माझ्याकडे सरकवलात आणि म्हणालात, "हाई सुधार." मी तुमची घाण काढत बसले. तुम्ही जेवलात. मी आईला सांगितलं तर तिचं म्हणणं, "तुन्हा बापनं नाव व्हस ना? मंग तुले काय पायजे?"

बी.एस्सी.ला माझा विषय भौतिकशास्त्र होता. निकाल लागला त्या दिवशी मी म्हटलं, मला दुकानात बसू द्या. तुम्ही वर पाहिलं नाहीत. "लोक रेडिओ देवाले येतीन का तुले देखाले?" एवढं बोललात. दुकान भावाला दिलंत. त्याला आयर्नचं टोक कथील धरेना, त्यानं पुढं तिथं चपलांचं दुकान टाकलं. मला स्थळ पाहिलंत, चांगलं पाहिलंत, ते मी नाकारत नाही. आणि आहेरात रेडिओ दिलात. तो सेट मला ओळखू आला, कारण त्यातला एकेक सांधा माझा होता, परीक्षेच्या आधीच्या महिन्यात केलेला. मांडवात तुम्ही व्याह्यांच्या हाती तो देत म्हणालात, "घरनाच शे, मन्हा हातना." माझंच काम मला तुमच्या नावानं दिलंत, अप्पा. सासरी तो रेडिओ कितीतरी वर्षं वाजला. हे आल्यागेल्याला सांगायचे, सासऱ्यांचा हात बघा. मी चहा ठेवायला आत जायची.

तर फोन. बोर्ड मी कुरिअरने मागवला. पहिला आला तो बसेना, मॉडेल तेच पण पट्टीचं तोंड वेगळं. परत पाठवला, जुन्या बोर्डवरचा बारीक क्रमांक भिंगाने वाचून दुसरा मागवला. जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर घातली. मागची काच डिंकाने चिकटवलेली असते, ती केस वाळवायच्या यंत्राने गरम केली आणि जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने कडेकडेने सोडवली. स्क्रू तिळाएवढे, आणि सारख्या लांबीचे नाहीत. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर तो आरपार जाऊन बोर्ड कायमचा खराब करतो. म्हणून कागदावर फोनचा आकार काढला आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच चिकटपट्टीवर ठेवला. सगळ्यात आधी बॅटरीची जोडणी सोडवली. समोर हे बसले होते, डावा हात गुडघ्यावर, नजर माझ्या बोटांवर. मी म्हटलं, "काळजी करू नका." ते म्हणाले, "बरं."

खालचा बोर्ड हिरवा पडला होता. चार्जरच्या भोकाशी गंज चढून पिना एकमेकींना चिकटलेल्या. वरच्या मोठ्या बोर्डावर पाण्याचा डागसुद्धा नव्हता. दुकानदारानं न उघडता जे मेलं म्हणून सांगितलं, ते जिवंत होतं. तुम्हाला वाटेल आता सोल्डरिंग आलं. नाही. आता काहीच जोडावं लागत नाही. पट्टीचं तोंड दाबलं की बसतं, अँटेनाची बारीक वायर टिचकीसरशी बसते, स्क्रू पिळायचे आणि झालं. ज्या कामासाठी तुम्ही मला उंबऱ्याच्या आत ठेवलंत, त्यातला कठीण भागच जगाने काढून टाकला. मी बॅटरी जोडली, चार्जर लावला. बराच वेळ काळी काच. मग बॅटरीचं चित्र उमटलं. मी हात धुवायला गेले, आणि थोडा वेळ नळ तसाच चालू ठेवला.

निरोप सगळे होते. दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली. "काय भो, उठना का?" हा पहिला लावला. हे कान देऊन ऐकतात, ओठ जुळवतात. तिसऱ्या आठवड्यात "काय भो" सुटलं. उपचाराच्या बाईंनी त्यांचा हात हातात घेतला. मला आनंद झाला, तो मी लपवत नाही. नंतर "चहा" आलं, "केळी" आलं, एक शिवीही आली.

मग एका सकाळी ओळीने लावता लावता पुढचा निरोप लागला. मित्रानं त्याचा टीव्ही बंद पडल्याचं कळवलं असावं. ह्यांचा आवाज, जेवून तृप्त झालेला: "इतलुसं काम शे भो. आमनाबी बंद पडना व्हता. मी सवता उघाडा, सोल्डर मारा, चालू व्हई गया. शेवट जवाई कोना शे मी? बाई चहा लई उनी, इतलंच." आमचा टीव्ही मी उघडला होता. हे त्या दुपारी झोपले होते. चहाही मीच केला, एवढं त्यातलं खरं.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. एरवी प्रत्येक निरोपामागे त्यांचे ओठ हलतात. या वेळी हलले नाहीत. ते खिडकीकडे बघत राहिले, आणि कान लाल झाले होते. मी विचारलं, "परत लावू?" ते म्हणाले, "बरं." त्या शब्दाचा अर्थ हो होता की नको, हे मी विचारलं नाही. परत लावलं.

वाचा परत आणण्यासाठी मी तो फोन उघडला होता, आणि ती येते आहे, थोडी थोडी. आवाज वाचवायचा तर सगळाच वाचतो, हवं तेवढंच निवडून काढता येत नाही. तुमचा आवाज कशातच राहिला नाही, अप्पा. दुसऱ्याचे आवाज दुरुस्त करून देण्यात तुमचा जन्म गेला, किंवा माझा गेला, आणि तुमचं एक वाक्य कुठे धरून ठेवलेलं नाही. असतं, तर मी तुम्हाला समोर बसवून ऐकवलं असतं.

हे कागद मी कोणाला दाखवणार नाही. भाऊ वाचेल तर म्हणेल, मेलेल्या माणसाशी काय भांडतेस. उपचाराच्या बाईंनाही मी सगळं सांगितलेलं नाही. त्यांनी बजावलं होतं की ऐकून पेशंट आखडेल असं काही लावू नका, आवडीचं तेवढंच लावा. तो निरोप पुसायला एक बोट पुरतं. मी पुसलेला नाही. रोज सकाळी चहा झाल्यावर बाकीच्यांबरोबर तोही लावते, आणि ह्यांचे ओठ हलतात का ते बघत बसते.