नऊ तासांचं विमान अकरा तास का घेतं

३ तारीख, सोमवार
मुलाचा फोन. बारा तारखेला येतोय, एकटाच, चार दिवसांसाठी. विमानाला अकरा तास लागतात म्हणाला. गेल्या वर्षी इथून गेला तेव्हा नऊ लागले होते. मॅट्रिक झाले आहे मी. जाताना आणि येताना अंतर तेच असतं एवढं कळतं. मग दोन तास जातात कुठे?
संकल्प : शंका घ्यायची नाही. देव बघतोच आहे.

४ तारीख
ह्यांना सहज विचारलं. येताना वारा समोरून असतो म्हणे. वारा काय आमच्याच घरी येताना आडवा येतो? मुलावर पांघरूण घालायची ह्यांची जुनी खोड.

६ तारीख, दुपारी
विहीणबाईंचा फोन. त्यांचं घर विमानतळापासून हाकेच्या अंतरावर. पडदे धुवायला काढलेत म्हणे. कोणी येणार आहे का, विचारलं. नाही हो, सहजच, म्हणाल्या. सहज कोणी पडदे धुतं?
दोन तासांचा पत्ता लागला. नऊ तासांत उतरायचं, सासूकडे गरमगरम जेवायचं, मग आईकडे येऊन भूक नाही म्हणायचं. जपाला बसले. दोनदा चुकला.

९ तारीख
नवा पुरावा. विमान तिथून सकाळी दहाला सुटणार, इथे दुपारी चारला उतरणार. म्हणजे सहाच तास. तिथलं घड्याळ पाच तास पुढे असतं, असं हे म्हणाले. देवाने सूर्य एकच केला, घड्याळं बरी दोन दोन निघाली. बापलेकांनी खोटं बोलायच्या आधी आकडा तरी ठरवायचा.
मी ठरवलं. दहा अधिक नऊ, संध्याकाळचे सात. सहालाच जाऊन विमानतळाच्या दाराशी उभी राहणार. पोराचं पहिलं पाऊल आपल्याच घरात पडलं पाहिजे.

१२ तारीख, दुपारी साडेतीन
हे ऑफिसात. घरीच थांब, असं बजावून गेलेत. उगीच का बजावतील? कुलूप लावून निघतेय. किल्ली शेजारणीकडे ठेवत नाही, ती डबे उघडून बघते. मोबाइल बंद केला. बॅटरी वाचते. बसनेच जाईन, टॅक्सीवाले फिरवून नेतात.

१३ तारीख
विमान चारलाच उतरलं होतं. साडेसातपर्यंत उभी राहिले. मग तिथला शिपाई म्हणाला, काकू, ती माणसं केव्हाच घरी गेली.
मुलगा आमच्या जिन्यात बॅगेवर तासभर बसला. माझा फोन लागेना, हे मीटिंगमध्ये. शेवटी आई तुमच्याकडे आलीय का, हे विचारायला त्याने विहीणबाईंना फोन केला. त्यांनी गाडीच पाठवली. जेवला आणि तिथेच झोपला.
आत्ता त्यांचा फोन आला होता. जावई दमलेत, उठवू का म्हणाल्या. नको म्हटलं. त्याच्या आंघोळीचं पाणी तापत ठेवलं होतं, गॅस बंद केला.
ह्यांना ऐकवलं, आधी तिथेच जाणार असं मी म्हणत नव्हते? हे म्हणाले, तुझंच खरं.