तीन गंज्या आणि एक दोर

म्हसावद,
१४ जानेवारी १९४२, संक्रांत

प्रिय इद्रिस,

तिळगूळ घे, गोड बोल हे तुला सांगायची गरज नाही. आपल्या दोघांत तोंडाचा कडू मी. तुझ्या वाटणीची वडी आज सकीनाभाभीच्या हातात देऊन आलो. फरजाना आता भिंत धरून उभी राहते. माझ्या मिशा ओढून खदखदा हसली, म्हणजे पोरगी तुझीच, शंका नको. भाभीने दारातच तुझ्या पत्राचं विचारलं, "भाऊ, त्यास्ना कागद उना का?" मी मान हलवली, होकाराची की नकाराची ते माझं मलाच कळलं नाही, आणि बैल सोडायचेत असं सांगून निघालो. बैल तर सणाचे गोठ्यातच उभे होते.

शहाद्याच्या जिनात, कापसाच्या कारखान्यात, वर्तमानपत्र येतं, तेही तीन दिवसांचं शिळं. नाताळात तुझ्या रंगूनवर दोनदा बॉम्ब पडले हे मी तिथेच उभ्या उभ्या वाचलं. तेव्हापासून दर दोन दिवसांनी जातो. जिनातले लोक समजतात, गिरधर पाटील कापसाचा भाव बघायला येतो. कापसाला भाव आहेच कुठे? जपानची खरेदी श्रावणात बंद झाली आणि आपल्या आखूड धाग्याच्या गाठी जिनात तशाच पडून आहेत. मी मेल्यांची संख्या वाचतो. नावं ते छापत नाहीत, तरी माझं बोट ओळीवरून तुझं नाव शोधत फिरतं. तुला दोन तारा केल्या, जबाब नाही.

सतत ते साल आठवतं, आपण चौथीत होतो तेव्हाचं. माझ्या बापाने त्या वर्षी कडब्याची एक मोठी गंजी न रचता तीन रचायला लावल्या: एक खळ्यावर, एक नाल्याच्या काठी आणि एक गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, तुझ्या अब्बांच्या पिंजणाच्या छपरामागे. पेंढ्या वाहून आपले खांदे सोलून निघाले आणि म्हातारा चक्रम आहे यावर तुझं माझं एकमत झालं. चैत्रात खळ्यावर ठिणगी पडली. वारा पश्चिमेचा, नाला पूर्वेला. बघता बघता नाल्यावरचीही गंजी पेटली. तुमच्या छपरामागची तेवढी राहिली आणि त्या कडब्यावर आमची गुरं पावसाळ्यापर्यंत जगली. बाप नंतर म्हणाला होता, "जागा येगयेगळ्या कऱ्यात, पन वारा देखाले भुली गऊ."

मोठा झाल्यावर मी तेच केलं आणि तीच चूक केली. एका वर्षी तापीकाठच्या कापसाने हात दिला. त्या पैशाची आणखी जमीन घे असं सगळे म्हणत होते. मी म्हटलं, सगळं एकाच आभाळाखाली कशाला? सुरतेच्या दलालाला गाठलं आणि तीन मुलखांत तीन हिस्से घेतले: जपानात कोबेच्या कापडपेढीत, आफ्रिकेत जिंजाच्या जिनात आणि रंगूनच्या भातगिरणीत. इथे पाऊस हुकला तर तिथे पिकेल, इथे कापूस पडला तर तिथे भात चढेल, असं माझं शहाणपण. नकाशावर बोट ठेवून तुला दाखवताना छाती केवढी फुगली होती माझी! कोबे आणि रंगून एकाच वाऱ्यावर आहेत हे त्या नकाशात कुठे दिसणार? कोबेच्या पेढीला श्रावणात कुलूप लागलं आणि ज्या लढाईने ते लावलं तीच आता तुझ्या डोक्यावर आली आहे. जिंजाची गंजी तेवढी उभी आहे. मेहुण्याचं, मगनचं, पत्र येतं, माझी बहीण तिथे सुखी आहे.

आमच्या गुजरांची आणखी एक रीत तुला ठाऊक आहे. बाप म्हणायचा, "पैसा एखला धाडू नको, त्याना संगे आपला मानूस धाड." जिंजाला मेहुणा होता. कोबेला दलालाचा मुलगा होता, तो उन्हाळ्यातच शहाण्यासारखा घरी परतला. रंगूनला कुणी नव्हतं. माझे भाऊबंद समुद्राचं नाव काढताच पोट दुखतं म्हणून घरी बसले. तेव्हा तू म्हणालास, मी जातो. दोंडाईच्याच्या ठेसनवर तू माझा हात धरलास आणि म्हणालास, "तुन्ही अमानत सोडीसन मी येवाव नही." माझी ठेव टाकून तू परतणार नाहीस, याचं मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. आता त्याच बोलाची भीती वाटते, कारण तू ते पाळशील.

आता जे लिहायचं ते तीन दिवस टाळत होतो. दिवाळीत तुझं पत्र आलं होतं. कुटुंबवाले लोक बोटीची तिकिटं काढताहेत, गिरणीचा हिस्सा अर्ध्या भावात कुणी घेईल, येऊ का, असं तू विचारलं होतंस. मी उत्तर धाडलं की होळीपर्यंत थांब, नवा भात गिरणीत येऊ दे, कोबे तर गेलंच आहे, आता हेही मातीमोल विकायचं का. ते तुझं पत्र मी भाभीला दाखवलं नाही. तुझं सगळं बरं आहे एवढंच सांगितलं. ती माझ्यावर विश्वास ठेवते आणि दर खेपेला चहा देते. तो चहा मला जड जातो, इद्रिस. तुला मी थांबवलं. लढाईने नाही, मी.

खळ्यावरची आग आठवते ना? मी बादली घेऊन गंजीकडे धावलो तेव्हा बापाने माझ्या थोबाडीत दिली आणि हातात विळा कोंबला. ओरडला, "गंजी जळू दे! पयले दोर काप!" आपण दोघांनी गोठ्यातले दोर कापले. तुझ्या डाव्या अंगठ्यावर विळ्याचा वण आहे, तो त्याच दिवसाचा. एकही जनावर गेलं नाही. मी मात्र एवढा मोठा होऊन पुन्हा बादली घेऊन गंजीकडेच धावलो.

म्हणून हे पत्र. नुसत्या तारेने तू हलणार नाहीस, गिरधर घाबरला म्हणशील आणि गिरणीच्या दाराशी बसून राहशील, हे मी ओळखून आहे. सोबत मुद्रांकाचा कागद आहे. भातगिरणीतला माझा हिस्सा मी आजपासून सोडला. त्याच्याशी माझा संबंध नाही आणि तुझाही नाही. खाली माझी सही आहे. तिथे आता माझी कसलीही अमानत नाही. बोट मिळाली तर बोटीने ये, नाहीतर डोंगर तुडवत पायी ये, पण ये. हे पत्र मी तीनदा लिहिलंय आणि तीन कागदांवर सही केलीय: एक कलकत्त्याच्या डाकेने, एक चटगावला जाणाऱ्या माणसाबरोबर, एक मद्रासच्या बोटीने. या खेपेला वारा बघून. उद्या सकाळी तुझं दिवाळीचं पत्र घेऊन भाभीकडे जाणार आहे. ती दारातून हाकलून देईल तर देवो. तीन वाटांनी धाडावा असा आता माझ्याकडे हा कागदच उरलाय, इद्रिस. तू एकच आहेस. दोर मी बांधला होता, आज मीच कापला. नीघ.

तुझाच,
गिरधर